डावा स्पीकर रुसतो तेव्हा

"पावणेतीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने उंची म्युझिक सिस्टीम घेतली. ॲम्प्लिफायर, नेटवर्क स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी वाजवणारा डबा) आणि जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर, सगळं एकाच नावाजलेल्या कंपनीचं. पहिलं वर्ष स्वर्गात गेलं. मग डावा स्पीकर अधूनमधून गप्प व्हायला लागला. आवाज वाढवला की परत येतो. ॲम्प्लिफायर तीनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला. दोनदा 'दोष आढळला नाही' असा शेरा आला. तिसऱ्यांदा इनपुटचा बोर्ड बदलला आणि तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. आता स्ट्रीमरही मोबाइलच्या ॲपमधून गायब होतो. सगळं काचेच्या दाराच्या कपाटात नीट ठेवलेलं आहे, धूळसुद्धा बसू देत नाही. विक्रेता म्हणतो, चांगल्या केबल घ्या, पॉवर कंडिशनर (घरातली वीज 'शुद्ध' करणारं यंत्र) लावा. बायको म्हणते, हा पांढरा हत्ती विकून टाका. वॉरंटी संपायला तीन महिने आहेत. पुन्हा दुरुस्तीला टाकू, भांडू, की विकून मोकळा होऊ? गाणं ऐकायला बसलो तरी कान डाव्या बाजूलाच लागलेले असतात."

– अर्ध्या आवाजाचा मालक

मालक, सिस्टीम विकू नका. निदान इतक्यात तरी नको. केबल घेऊ नका आणि कंडिशनरही घेऊ नका. तक्रारींच्या गर्दीत तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात आणि माझ्या मते निम्मं निदान तिथेच आहे: आवाज वाढवला की डावा स्पीकर परत येतो.

ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो ना? तो रिलेचा. रिले म्हणजे विजेने उघडमीट होणारं छोटंसं स्विच. आतली सर्किटं स्थिरस्थावर होईपर्यंत तो स्पीकरची वाट बंद ठेवतो, म्हणजे सुरू होतानाचा दणका स्पीकरला बसत नाही. पुढेमागे एखादा ट्रान्झिस्टर जळून डीसी करंट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, बाहेर यायला लागला, तर स्पीकरची कॉइल जळायच्या आत तोच वाट तोडतो. थोडक्यात, तो राखणदार आहे. पण राखणदार असला तरी तुम्ही ऐकता तो प्रत्येक सूर त्याच्या आतल्या धातूच्या दोन ठिपक्यांच्या स्पर्शातून जातो. हे ठिपके बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि चांदी काळी पडते तसा त्यांच्यावरही कालांतराने पातळ थर धरतो.

आता गंमत बघा. रात्री हलक्या आवाजात ऐकताना स्पीकरपर्यंत जेमतेम अर्धा व्होल्ट पोचत असतो. त्या थराला भेदायला तेवढा दाब पुरत नाही, म्हणून आवाज खोल जातो, फाटतो किंवा बंदच होतो. तुम्ही आवाज वाढवता, व्होल्टेज चढतं, थर फुटतो आणि वाट मोकळी होते. मग तासभर सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

आणि नेमकं ह्याच कारणाने सर्व्हिस सेंटरला दोष सापडत नाही. टेक्निशियन आळशी आहे किंवा खोटं बोलतोय असं समजू नका. तो ॲम्प्लिफायर टेबलावर घेतो, स्पीकरऐवजी ८ ओहमचा रेझिस्टर (विजेला स्पीकरसारखाच रोध करणारा भाग) जोडतो आणि पूर्ण ताकदीवर तपासतो. ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट. त्या दणक्यात ठिपके साफ होतात, दोन्ही बाजू बरोबर मोजल्या जातात आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. तपासणी हीच तात्पुरती दुरुस्ती ठरते. म्हणून तर ॲम्प्लिफायर घरी आल्यावर दोन-तीन आठवडे शहाण्यासारखा वागतो. बदललेला इनपुटचा बोर्ड सिग्नलच्या वाटेवर अगदी सुरुवातीला असतो आणि रिले अगदी शेवटी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं असावं.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला फारसं आवडत नाही. वर्षानुवर्षं वापरलेला एक ॲम्प्लिफायर मी ह्याच दुखण्याला वैतागून विकला. घेणाऱ्याला दोष सांगून विकला, एवढं माझ्या बाजूने म्हणता येईल. दीड महिन्याने त्याचा फोन आला. तक्रार असेल असं वाटून मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तर तो आभार मानत होता. अंगठ्याच्या पेराएवढा एक रिले बदलला, म्हणाला, सोल्डरिंगसकट अर्ध्या तासाचं काम. तो ॲम्प्लिफायर त्याच्याकडे अजून वाजतो.

तरीही पत्रावरून केलेलं निदान हा शेवटी अंदाज असतो, त्यामुळे आधी पुरावा गोळा करू. ॲम्प्लिफायर बंद करा, प्लग काढा, आणि मागच्या बाजूला डाव्या स्पीकरची वायर उजव्या टर्मिनलला व उजव्याची डाव्याला लावा. लाल लालला, काळी काळीला. टर्मिनल घट्ट आवळा आणि वायरची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, ते बघा. मग नेहमीसारखं ऐका. काही दिवस डावं-उजवं उलटं ऐकू येईल, त्याने काही बिघडत नाही.

इथे बहुतेकांची एक चूक होते. आवाज गेला की ते लगेच वायरी उलटसुलट करून बघतात. पण त्यासाठी ॲम्प्लिफायर बंद करावा लागतो, परत सुरू करताना रिले पुन्हा आपटतो आणि ठिपके एकमेकांवर घासून तात्पुरते साफ होतात. दोष पळून जातो आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून वायरी आधीच उलट्या करून ठेवायच्या आणि सापळा लावून बसल्यासारखं दोष परत येण्याची वाट बघायची. पुढच्या वेळी उजवा स्पीकर गप्प झाला, तर तुमचे स्पीकर आणि त्यांच्या वायरी निर्दोष, गुन्हेगार ॲम्प्लिफायरच्या आत किंवा त्याच्या आधी. पुन्हा डावाच गेला, तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि तो स्पीकर व त्याची वायर तपासा. स्पीकरच्या मागे दोन जोड्या टर्मिनल आणि त्यांना जोडणारी धातूची पट्टी असेल, तर ती सैल झालेली असू शकते. मात्र तेव्हा स्पीकर पुरता गप्प होत नाही, वरचे तीव्र सूर तेवढे जातात किंवा खालचा खर्ज जातो. तुम्ही 'गप्प' म्हणता ते नेमकं कुठलं, हे कान देऊन ऐका.

दोष ॲम्प्लिफायरकडे गेला, तर दुसरी फेरी. स्पीकरच्या वायरी पूर्ववत करा आणि स्ट्रीमरकडून येणाऱ्या दोन केबलची टोकं ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर अदलाबदल करून ठेवा. पुन्हा वाट. आता मुकेपणा दुसऱ्या बाजूला सरकला तर दोष स्ट्रीमरचा किंवा त्या केबलचा, जागचा हलला नाही तर ॲम्प्लिफायरचा. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कशाने गेला ते कधीच कळत नाही. ॲम्प्लिफायरवर स्पीकरचं 'ए-बी' सिलेक्टर असेल, तर आवाज शून्यावर आणून ते पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. त्याच्या आतही असेच ठिपके असतात. ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्याचं आउटपुट (प्री-आउट) आणि दुसऱ्या टप्प्याचं इनपुट (मेन-इन) यांना जोडणाऱ्या इंग्रजी 'यू' आकाराच्या क्लिपा मागे असतील, तर ॲम्प्लिफायर बंद असताना त्या काढून, पुसून परत बसवा. झाकण मात्र उघडू नका. वॉरंटी जाईल हे एक, आणि प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) काही काळ झटका देण्याइतके भरलेले असतात हे दुसरं.

आवाज गेला की त्याच क्षणी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. आधी ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेवरचा व्हॉल्यूमचा आकडा दिसू दे, मग बोलणाऱ्या स्पीकरजवळ मोबाइल न्या, मग मुक्या स्पीकरजवळ, आणि मग कॅमेरा चालू ठेवूनच आवाज वाढवा. असे दोन-तीन व्हिडिओ आणि तारीख, वेळ, किती वेळ वाजत होता, व्हॉल्यूम किती होता ह्याची साधी वही, एवढं जवळ असलं की भांडायची वेळ बहुधा येत नाही.

आता सर्व्हिस सेंटरला चौथ्यांदा जाण्याविषयी. फोन करू नका, लिहा. ईमेलमध्ये मॉडेल, सीरियल नंबर, आधीच्या तिन्ही दुरुस्त्यांच्या तारखा आणि शेरे येऊ देत, व्हिडिओ जोडा, आणि 'आवाज येत नाही' असं मोघम लिहिण्याऐवजी हे लिहा: हलक्या आवाजात डावा चॅनल जातो, आवाज वाढवल्यावर परत येतो, वायरींची अदलाबदल करून दोष ॲम्प्लिफायरमध्ये असल्याची खात्री केली आहे, तेव्हा आउटपुट रिले तपासावा आणि तपासणी अर्धा व्होल्ट किंवा त्याहून कमी पातळीवर व्हावी. रिलेच्या ठिपक्यांचा रोध मोजायचा असेल तर तोही कमी करंटवर मोजायला सांगा, कारण जास्त करंट सोडला की तो थर मोजतामोजताच फुटतो. नवा रिले १०० मिलिओहमच्या आत असतो. खराब झालेला कधी ओहमांमध्ये जातो, कधी त्याचा आकडाच स्थिर राहत नाही. शिवाय तेवढ्यात त्या चॅनलच्या सोल्डरचे सांधे भिंगाखाली बघायला सांगा. तापून-निवून, तापून-निवून सांध्याला केसासारखी भेग पडते आणि तीही अशीच लपंडाव खेळते. परत देताना कोणता भाग बदलला ते रिपोर्टवर लिहून घ्या.

ठिपके पॉलिशपेपरने घासून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. वरचा मुलामा निघतो आणि रोग दुप्पट वेगाने परत येतो. रिले बदलायचाच.

वॉरंटी तीन महिन्यांची उरली आहे ही अडचण आहे खरी, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. ग्राहकाचे हक्क देशागणिक वेगळे असतात, मात्र वॉरंटीत असताना लेखी कळवलेला आणि दुरुस्तीनंतरही टिकून राहिलेला दोष 'नवा' ठरवणं कुठल्याही कंपनीला जड जातं. म्हणून कागद आजच तयार करायला लागा. त्याच पत्रात शांतपणे एक ओळ घाला: हाच दोष चौथ्या दुरुस्तीनंतरही आला, तर ॲम्प्लिफायर बदलून मिळावा. धमकी नको, विशेषणं नकोत. रागावलेली पत्रं सर्व्हिस सेंटरमध्ये रोज येतात आणि ती वाचणाऱ्याची कातडी जाड झालेली असते. नेमकं पत्र आलं की ते वरच्या माणसाकडे सरकवणं त्यालाच सोयीचं पडतं.

स्ट्रीमरचं दुखणं ह्याहून अगदी वेगळं आहे. दोन्ही वस्तू एका कंपनीच्या, एका कपाटात, एकाच वेळी कुरकुरायला लागल्या, म्हणून तुमच्या मनात त्यांची मोट बांधली गेली आणि 'सिस्टीमच वाईट' असा निकाल लागला. स्ट्रीमरबद्दल मला एवढंच सांगा: तो ॲपमधून गायब होतो तेव्हा गाणं थांबतं, की चालूच राहतं? चालू राहत असेल तर स्ट्रीमर बहुधा ठणठणीत आहे. ॲप घरातल्या नेटवर्कवर 'कोण आहे रे तिकडे?' अशी हाक मारतं आणि स्ट्रीमर ओ देतो. काही राउटर ही हाक वायफायच्या एका पट्ट्यातून (बँडमधून) दुसऱ्या पट्ट्यात, किंवा घरभर वायफाय पसरवणाऱ्या मेश नेटवर्कच्या एका डबीकडून दुसऱ्या डबीकडे, जाऊच देत नाहीत. मोबाइल चुकून पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असेल तरी हेच होतं. गाणंही थांबत असेल, तर वायफाय त्याच्यापर्यंत धड पोचत नाही अशी शंका आधी घ्यावी.

दोन्हींवर माझा उपाय एकच आणि अगदी जुनाट आहे: राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत साधी इथरनेटची वायर ओढा. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमरला कायमचा एकच पत्ता देऊन टाका. इंटरनेटचा वेग वाढवून घ्यायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केला तर १४ लाख बिटांच्या आसपास, म्हणजे १.४ एमबीपीएस. वेग कमी पडायचा प्रश्नच येत नाही, संपर्क मध्येच तुटतो ही अडचण असते. वायर लावूनही जर तो हरवत राहिला, तर मात्र सॉफ्टवेअरकडे बघावं लागेल, आणि तिथे तुमच्या-माझ्या हातात फार काही नसतं. २०२४ च्या मे महिन्यात वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या सोनोससारख्या बड्या कंपनीने नवं ॲप आणलं आणि चांगले चालणारे स्पीकर असलेल्या लोकांना ते नीट वाजवता येईनात. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचे प्रमुख पायउतार झाले. लोकांच्या घरातले स्पीकर मात्र जागचे हललेही नव्हते.

ते काचेच्या दाराचं कपाट. धूळ बसू देत नाही हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय, पण माझ्या पोटात गोळा आला. ॲम्प्लिफायर आणि स्ट्रीमर दोघांच्याही आत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात आणि त्यांचं आयुष्य उष्णता ठरवते. पुष्कळशा कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास अशा स्वरूपाची हमी असते, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ६५ अंशांवर तेच २,००० तास ३२,००० होतात. रोज चार तास वाजणाऱ्या ॲम्प्लिफायरला ही जवळपास २२ वर्षं झाली. पण स्ट्रीमर चोवीस तास चालू असतो, त्याचे ३२,००० तास पावणेचार वर्षांच्या आतच भरतात. बंद कपाटात तापमान ७५ वर गेलं तर ह्या दोन्ही आकड्यांचे निम्मे करा. ते तास भरले की वस्तू त्याच दिवशी मरते असं नाही, पण उतार लागतो. तेव्हा वाजताना दार उघडं ठेवा, किंवा सरळ काढूनच टाका. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर स्ट्रीमर बसवलेला असेल तर तो खाली उतरवा, आणि ॲम्प्लिफायरवर दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी हवा राहू द्या. धूळ फडक्याने पुसता येते.

केबल आणि कंडिशनर ह्यांवर शाई खर्च करत नाही. तपासणीत एखादी केबलच खराब निघाली तर गोष्ट वेगळी, एरवी तुम्ही वर्णन केलेला एकही दोष त्यांनी जाण्यासारखा नाही.

राहिला पांढरा हत्ती. तुमच्या पत्नीचा संगीतावर राग नसावा असा माझा कयास आहे. सुट्टीच्या दिवशी कपाटामागे टॉर्च घेऊन वाकलेल्या नवऱ्यावर तो असू शकतो. त्यांना एखादं गाणं लावावंसं वाटलं, तर तुमच्या मदतीशिवाय ते लागतं का? नसेल, तर स्ट्रीमरवर दोन-चार बटणं प्रीसेट करून द्या. आणि ही सगळी तपासणी चालेल तेवढे दिवस, तुमच्याकडे असेल तो छोटा ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन ऐकायला वापरा. मोठ्या सिस्टीमवर फक्त सापळा लावलेला असू दे. कान डाव्या बाजूला लावून बसण्यापेक्षा छोट्या डब्यावर निवांत ऐकलेलं गाणं कितीतरी बरं.

आणि समजा, चौथ्या दुरुस्तीनंतरही डावा स्पीकर रुसला आणि कंपनीने हात वर केले? तेव्हा खुशाल विका, पण फक्त ॲम्प्लिफायर. स्पीकर ठेवा. त्यांच्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. आतल्या हलणाऱ्या शंकूभोवतीची कड रबरी असेल तर ते दशकानुदशकं चालतात, फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांनी ती झडते, पण बदलताही येते. पुढचा ॲम्प्लिफायर घेताना स्ट्रीमर आणि वायफाय पोटात भरलेला घेऊ नका, कारण सर्वांत लवकर शिळा होणारा भाग तोच असतो आणि तो गेला की धडधाकट ॲम्प्लिफायरलाही सोबत घेऊन जातो.

आज रात्री वायरी उलट्या लावा. ज्या दिवशी आवाज जाईल, त्या दिवशी कोणता स्पीकर गप्प झाला तेवढं मला एका ओळीत कळवा. आणि हो, गाणं थांबलं होतं की चालू होतं, तेही.